शिडी काढायची नाही

वडनेर भोलजी,
रविवार, दि. ११ जानेवारी २०२६

चि. प्रेमानंद यास,
ताईचा सप्रेम जय भीम.

वरचं 'चिरंजीव' रीत म्हणून लिहिलं. त्याच्या पुढं आशीर्वाद लिहितात, पण आज मनात शोधला तर सापडला नाही. पुढं कधी सापडला तर कळवीन.

आम्ही इकडं बऱ्या आहोत. आई वॉकर धरून ओट्यापर्यंत जाते, तिथं बसून येणाऱ्या-जाणाऱ्याले हाका मारते, अन् अर्ध्या तासाने मले आत ने म्हणते. अकोल्याच्या डॉक्टरने पुढच्या महिन्यात पुन्हा फोटो काढायले सांगतला. मांडीतली सळई नीट बसली, पण पाय जरा आखूड राह्यला तो राह्यलाच. मोरीत घसरू नये म्हणून तू पुण्याहून आणलेली रबराची चटई अजून मोरीतच आहे. शेजारच्या मंजुळाबाईने तुले जय भीम सांगतला आहे. तू यातलं काही विचारलं नाही, पण घरच्या पत्रात असं लिहितात म्हणून लिहिलं.

आता तू म्हणशील, मोबाइल असताना ताई कागदावर काऊन लिहून राह्यली. एक म्हणजे, फोन केला की तू स्पीकरवर टाकतोस अन् तुझ्यासंग काम करणाऱ्या त्या शिवमले सगळं आयकवतोस. मेसेज केला तर नुसता अंगठा दाखवतोस. अन् आपल्या दोन खोल्यांत मी फोनवर बोलली की आईले आयकू जाते. आज जे लिहायचं आहे ते तिनं आयकू नाही. ते पुढं येईल. पहिले चित्राचं बोलू, कारण तुले तेवढंच पायजे.

तुझा २ तारखेचा, शुक्रवारचा मेसेज आला. सात दुरुस्त्या, खाली जोडलेले हात, अन् '१९ तारखेला सोमवारी स्टोअरवर पेज टाकायचं आहे, प्लीज ताई.' सोबत तू स्वतः कापाकापी करून बनवलेलं चित्र. त्या चित्रावर मी मागून येते. त्याच्यासाठीच हे पत्र आहे.

तुझा हा कॉम्प्युटरवरचा खेळ काय आहे ते मीच तुले सांगते, कारण दुरुस्त्या वाचून वाटलं की तू विसरला. खेळाचं नाव 'वाळवण'. एका म्हातारीले स्लॅबवर कुरोड्या घालायच्या आहेत. गव्हाचा गरम चीक सोऱ्यात भरायचा, दूरच्या कोपऱ्यापासून सुरू करायचं, अन् उकिडवं बसून मागं मागं सरकत शिडीपर्यंत यायचं. घातलेल्या ओल्या कुरोडीवर पाय नाही पडला पायजे. मधात पाण्याची टाकी आहे, टीव्हीची डिश आहे, लिंबाची सावली सरकत येते, चिमण्या येतात. सगळी जागा भरली पायजे अन् शेवटची कुरोडी शिडीपाशी पडली पायजे, नाहीतर म्हातारी आपल्याच कुरोड्यांच्या मधात अडकते. अडकली तरी ती रडत नाही. एक ओली कुरोडी तोंडात टाकते अन् म्हणते, 'चाल, पुन्हा.' घाई नाही, मरणं नाही. दिवसभर काम करून आलेल्या माणसाले निवांत वाटलं पायजे, असं तू म्हणत होता. ते मले आवडलं होतं. अजूनही आवडते, अन् त्याचाच जास्त राग येते.

हा मागं सरकायचा नियम कोणाचा, आठवते का? तुझ्या पहिल्या नमुन्यात म्हातारी शिडीपासून सुरू करत होती अन् पुढं पुढं जात होती. म्या फोनवर तुले म्हटलं, अरे बह्याडा, शिडीपासून सुरू केलं तर ती उतरन कशी? उडत जाईन काय? तवा आई खाटेवर बसून पोटभर हसली होती. तुझ्या खेळातलं कोडं त्या हसण्यातून निघालं. आता मुलाखतीत तू सांगतोस, 'ग्रामीण स्त्रीच्या श्रमातलं गणित मला दिसलं.' तुले काही दिसलं नव्हतं बे. तुले सांगतलं होतं.

बरं, चित्र. स्टोअरवर खेळाच्या दारात लावायचं चित्र, त्याले तुम्ही कॅप्सूल म्हणता. शेकडो खेळांच्या गर्दीत ते पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसते अन् तेवढ्यात माणसाने बोट थांबवलं पायजे. हे तू मले असं समजावून सांगतलं की जशी मी आजच कुंचला हातात धरून राह्यली. मलकापुरात रंगरावांच्या फ्लेक्सच्या दुकानात मले अकरा वर्षं झाली. आमचे बोर्ड हायवेवर लागतात. ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या ट्रकवाल्याले दुकानाचं नाव अन् वळायचं कुठं हे दोन श्वासांत समजलं नाही, तर मालक दुसऱ्या दिवशी फ्लेक्स गुंडाळून आमच्या टेबलावर आणून टाकतो. तुमच्या त्या मार्केटिंगवाल्या प्रेरणाले सांग, हे ज्ञान आमच्याकडं आधीपासून आहे, त्याले फक्त इंग्रजी नाव नव्हतं.

तरी जिथं तुझं बरोबर होतं तिथं म्या आयकलं. नावाची अक्षरं म्या कुरोडीच्या वेटोळ्यांची काढली होती. मोठी पाहिली तर लई देखणी, पण तिकिटाएवढी केली की नुसता शेवयांचा गुंता. तिथं मी चुकली, कबूल. आता अक्षरं जाड अन् साधी आहेत, फक्त शेवटच्या अक्षराचा दांडा कुरोडीसारखा वळला आहे. परदेशी लोकांसाठी इंग्रजी अक्षरांतलं वेगळं चित्र केलं, एकाच चित्रात दोन नावं कोंबली नाहीत. पांढऱ्या स्लॅबवर पांढऱ्या कुरोड्या उठून दिसत नव्हत्या, म्हणून खाली आईचं जुनं हिरवं पातळ अंथरलं. लगेच फरक पडला.

पण संध्याकाळचं नारिंगी आभाळ म्या केलं नाही अन् करणार नाही. तू म्हणतो, नारिंगीने उबदार वाटते. कुरोड्या संध्याकाळी कोण घालते रे? आपल्या खेळातली सावली सकाळी नऊची आहे. चित्रात संध्याकाळ दाखवून आत सकाळ दिली तर लोक पहिल्याच पायरीवर म्हणतील की फसवलं. जे आत नाही ते दारावर टांगू नाही, एवढी अक्कल आमच्या मंगल कार्यालयाच्या बोर्डवाल्यांले पण आहे.

अन् म्हातारी गोंडस कर म्हणतोस. गाल गोल, डोळे मोठे, गालावर लाली. तुझ्यासाठी तसंही करून पाहिलं. आईले लॅपटॉपवर दाखवलं तर ती म्हणते, "हे कोन बाई हाये वं? हिच्या घरी तूप लय दिसते." म्या ते पुसलं. आता गाल आपल्या आईचे आहेत. हसू मात्र तू म्हटलं तेच ठेवलं. 'तुझ्या व्हिडिओत शेवटी आई हसते न, तेच हसू पाहिजे, तेवढं हसू पाहूनच लोक गेम घेतील,' असं तू लिहिलं होतं. ते हसू काढताना माझे चार दिवस गेले. काऊन गेले ते पुढं समजन.

राह्यली शिडी.

तुझी चौथी दुरुस्ती अशी: 'शिडी काढ. छोट्या साइजमध्ये काड्यांसारखी दिसते, उगाच गर्दी होते.' म्या उत्तर दिलं, शिडी राहीन. तू पुन्हा लिहिलं, 'ताई, इगो आणू नको मधात.' तवा म्या काहीच उत्तर दिलं नाही. आता देते.

रंगरावांची एक रीत आहे. बोर्ड छापून झाला की ते मले रस्त्याच्या पलीकडं उभं करतात अन् म्हणतात, डोळे बारीक करून पाहा. जे दिसते ते ठेव, जे विरघळते ते पुसून टाक. म्या स्टोअरवरचे वीस खेळ तिकिटाएवढे छापले, मधात आपलं चिकटवलं, अन् तो पुठ्ठा दुकानाच्या दारात टेकवून रंगरावांलेच पलीकडं उभं केलं. ते डोळे बारीक करून बराच वेळ थांबले, मंग रस्ता ओलांडून आले. म्हणे, "मंजुश्री, मले खेळातलं काही समजत नाही. पण ती बाई त्या शिडीपर्यंत पोहोचन का नाही, ते पाहाले मी थांबलो."

समजलं का तुले? तुझा खेळ कोड्याचा आहे. चित्रातच कोडं दिसलं पायजे. म्हातारी मधात, चारी बाजूंनी ओल्या कुरोड्या, एकच मोकळी वाट अन् वाटेच्या टोकाले शिडी. शिडी काढली तर राहते काय? पापड-कुरोड्या विकणाऱ्या बचत गटाचं पाकीट. लोक समजतील स्वयंपाकाचा खेळ आहे अन् पुढं जातील. काड्यांसारखी दिसते म्हणून ती जाड करायची, पिवळी करायची. काढून नाही टाकायची.

हे झालं दुकानातलं कारण. इथं पत्र संपवलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असता, अन् मी पण. दुपारपासून मी या ओळीवर अडून बसली आहे. आईले जेवायले वाढलं, भांडी घासली, पुन्हा बसली. लिहिते.

तू पाठवलेल्या त्या चित्रात तू शिडी पुसली. नावाले जागा व्हावी म्हणून म्हातारीले उचलून उजव्या कडेले नेलं. स्लॅबच्या अगदी कडेले. ती उकिडवी बसली आहे, हातात सोऱ्या आहे, तुझ्याकडं पाहून हसून राह्यली आहे, अन् तिच्या पाठीमागं काहीच नाही. खाली तू लिहिलं, 'किती मोकळं दिसतंय बघ.'

म्या ते उघडलं तवा आई बाजूलेच होती. चष्मा लावून ती लॅपटॉपवर वाकली. मंग म्हणे, "शिडी कुठं गेली वं?"

म्या म्हटलं, "प्रेमूने काढली. चित्रात गर्दी होते म्हणे."

तिनं चष्मा काढून पदराने पुसला. "त्याले काही सांगजो नोको," म्हणाली, अन् भिंतीकडं तोंड करून पडली. संध्याकाळी जेवली नाही.

प्रेमानंद, आई मोरीत पडली नाही.

मागच्या वर्षीच्या ६ एप्रिलले, रविवारी सकाळी, ती स्लॅबवरून पडली. घरच्या कुरोड्या मार्चातच झाल्या होत्या. तुले खेळातल्या हालचालीसाठी व्हिडिओ पायजे होता, म्हणून तिनं पुन्हा तीन दिवस गहू भिजवले. पोराने मागतलं म्हणून. म्या म्हटलंही, आई, मागच्या वर्षीचे फोटो आहेत तेच देऊ. तर म्हणे, "फोटोत हात कसा चालते ते दिसते काय?"

आदल्या दिवशी तू व्हिडिओ कॉलवर स्लॅब पाहिला होता, मंजुळाबाईच्या गच्चीवरून. आठव. तू म्हटलं होतं, 'ताई, त्या शिडीची दोन टोकं आईच्या मधात येतात. शूट करताना शिडी फ्रेममधून काढ न. पाच मिनिटांसाठी.'

तेव्हाही शिडीच. तुले काही आठवत नसन. तू दिवसातून पन्नास जणांले हे काढ, ते काढ म्हणतोस.

आई वर चढली. म्या चिकाचं गंज-पातेलं खालून तिच्या हातात दिलं. मंग शिडी उचलली अन् चार हात बाजूले, लिंबाकडं नेऊन टेकवली. तिले सांगतलं नाही. वाटलं, गंजभर चीक आहे, तिले वेळ लागन, तोवर मी उतरून येईन अन् परत ठेवीन. मंजुळाबाईच्या जिन्याने वर गेली अन् मोबाइल धरला.

चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून उतरते, म्हणून आई कधी मागं पाहत नाही. बाबांनी हा स्लॅब टाकला तेव्हापासून ती दरसाल तशीच सरकत येते, शेवटची कुरोडी घालते अन् न पाहता उजवा पाय मागं टाकते. पाय बरोबर पहिल्या पायरीवर पडते. तिथं शिडी असतेच. आपल्या घरात शिडी दुसरीकडं कोणीच कधी ठेवली नाही.

त्या दिवशी चीक लवकर संपला. मी मोबाइलमध्ये पाहून राह्यली होती. सकाळचं ऊन, हिरवं पातळ, पांढऱ्या कुरोड्या, मधात एकही काडी नाही. इतकं सुंदर दिसत होतं की मी शिडी विसरली. पार विसरली. मीच आवाज दिला, "आई, इकडं पाहा. हास न थोडं."

ती माझ्याकडं पाहून हसली अन् तिनं पाय मागं टाकला.

तुले म्या एकोणतीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला होता. तो एक्केचाळीस सेकंदांचा आहे. तुले जे हसू पायजे होतं, जे पाहून लोक गेम घेतील, ते एकोणतिसाव्या सेकंदाचं आहे.

खाली कपडे धुवायच्या दगडावर ती आडवी होती. मी पोहोचली तवा मंजुळाबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आईचं पहिलं बोलणं काय होतं माहीत आहे? "कुरोड्यांवर काही टाकजो वं, चिमण्या येतील." अन् दवाखान्याच्या गाडीत दुसरं, "प्रेमूले मोरीत पडली सांगजो. त्याच्या जिवाले लागन, काम सोडून देईन तो." अख्ख्या गल्लीले खरं माहीत आहे. मंजुळाबाईले माहीत आहे, तिच्या सुनांले माहीत आहे. तुले एकट्याले माहीत नाही. तू मोरीसाठी चटई घेऊन तीन दिवस आला, आईच्या पायाशी बसून रडला, मोरी पाहिली, अन् ती चटई तिथं अंथरून गेला. ती चटई मी नऊ महिने रोज धुऊन राह्यली. रोज तिचा राग येते अन् रोज धुते.

तुझ्यावर इतकी चिडून काऊन आहे, ते आता तुले कळलं असं तुले वाटन. अर्धंच कळलं. तू फक्त म्हटलं होतं. शिडी हलवली म्या. हाक मारली म्या. आई आजवर मले एका शब्दाने बोलली नाही, उलट म्हणते, "म्याच मागं पाहिलं नाई." तिनं मले शिव्या दिल्या असत्या तर मी तुले एवढ्या दिल्या नसत्या. नऊ महिने मी मनात तुलेच धरून बसली, प्रेमूने म्हटलं, प्रेमूने म्हटलं, म्हणजे माझं नाव घ्यायची पाळी येत नाही. तू पाठवलेलं ते चित्र पाहून पहिल्यांदा वाटलं की यानं नकळत केलं, अन् म्या पण नकळतच केलं होतं. तरी मले तुझी दया आली नाही. खोटं काऊन लिहू? रागच आला. नकळत दोनदा तेच करणारा माणूस माझा भाऊ आहे याचा राग आला.

आई रोज सकाळी उठली की पहिले विचारते, "शिडी जागेवर हाये काय वं?" तिले वर चढायचं नसते. तरी विचारते. मी बाहेर जाऊन पाहून येते अन् हो म्हणते. तिथं नसायचं कारणच नाही, म्या ती तारेने बांधून टाकली आहे. पण तरी पाहून आल्याशिवाय मले हो म्हणता येत नाही. त्या दिवसापासून मी शिडीवर पाय ठेवला नाही. वरच्या टाकीत कचरा पडला तर मंजुळाबाईच्या सुनेले चढवते.

आता नीट वाच.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात दोन वस्तू आहेत. एक चित्र, मराठी अन् इंग्रजी नावाचं, तुम्हाले लागतात त्या सगळ्या मापांत. शिडी जाड केली आहे, पिवळी केली आहे, तिकिटाएवढ्यातही दिसते. म्हातारी शिडीपासून तीन कुरोड्या दूर आहे अन् मान वळवून मागं पाहून राह्यली आहे. हो, मागं. हसू तेच आहे, पण आता ती पाहणाऱ्याकडं पाहत नाही, शिडीकडं पाहून हसते. रंगराव म्हणाले, पहिल्यापेक्षा हे चित्र चांगलं झालं, पाहणाऱ्याची नजर तिच्या नजरेमागं शिडीवर जाते अन् तिथून नावावर. मी तेवढ्यासाठी काढलं नाही, पण फायदा झाला तर घे.

हे चित्र लावायचं तर असंच लाव. एक पायरी जरी पुसली तर खेळातलं माझं नाव काढ, आईचं पातळ काढ, तिचं हसू काढ, अन् पुन्हा मले ताई म्हणून हाक मारू नको.

दुसरं, मार्चात घरच्या कुरोड्या आहेत. आई म्हणते, ती ओट्यावर बसून सांगन अन् मी वर घालायच्या. म्या तिले हो म्हटलं नाही. तू येशील अन् वर तू चढशील. सोऱ्या कसा धरायचा ते आई खालून ओरडून सांगन, अन् कोणती कुरोडी कुठं पडली पायजे ते तर तुले सगळ्या जगापेक्षा जास्त समजते म्हणे. शिडी मी धरीन. तू माझ्यावर भरवसा ठेव असं मी म्हणत नाही. मागं पाहून पाय टाक.

आईले हे पत्र माहीत नाही. तू फोन करून रडत बसशील तर तिले समजून जाईन, म्हणून फोन करू नको. येऊन तिच्यासमोर बस अन् मोरीचं नाव घेऊ नको, म्हणजे तिले आपोआप कळन की तुले कळलं.

पेनड्राइव्हवर दुसरी वस्तू म्हणजे तो व्हिडिओ, पुरा. शेवटचे बारा सेकंद म्या आजवर एकदाच पाहिले. तू पाहायचे का नाही ते तू ठरव. पण सोमवारी चित्र लावायच्या आधी ठरव.

शिडी हलवणारी,
तुझी ताई
मंजुश्री